मिरच्या न भाजता आलेला खोकला

आमच्या जहाजावर दोनच खोल्या अशा आहेत की जिथे विचारल्याशिवाय कुणी पाय ठेवत नाही. एक माझी प्रयोगशाळा आणि दुसरा माझ्या नवऱ्याचा भटारखाना. दोन्ही एकाच मजल्यावर समोरासमोर, मध्ये एक माणूस जेमतेम जाईल एवढा बोळ. माझ्या दारावर पाटी आहे, 'हात धुतल्याशिवाय आत येऊ नये.' ती पाहून त्याने आपल्या दारावर लावली, 'हात धुऊनही आत येऊ नये.'

आमचं लग्न उशिरा झालं, मी चाळिशी ओलांडल्यावर. तेव्हा तो किनाऱ्यावरच्या एका बऱ्या हॉटेलात मुख्य आचारी होता आणि मी महिन्यातले वीस दिवस समुद्रावर. वर्षभर आम्ही हे चालवून पाहिलं. मग एक दिवस त्याने हॉटेल सोडलं आणि ह्या जहाजावरची आचाऱ्याची जागा धरली. कुणी विचारलं की तो सांगतो, एकट्यासाठी स्वयंपाक करायचा कंटाळा आला होता. खरं कारण मला ठाऊक आहे, आणि ते ठाऊक असूनही मी जे केलं त्याची ही हकिगत आहे.

आधी माझं काम सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल. समुद्राच्या पाण्यात डोळ्यांना न दिसणारी शेवाळं असतात. बहुतेक बिचारी कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण काही जाती विषारी असतात. त्या एकदम माजल्या की त्यांचं विष शिंपल्यांत साठतं आणि ते शिंपले खाणारी माणसं आजारी पडतात. म्हणून आमचं जहाज किनाऱ्यालगत बारा ठरलेल्या ठिकाणी थांबतं, पाण्याचे नमुने काढतं, आणि मी सूक्ष्मदर्शकाखाली डोळ्यांत तेल घालून मोजते की कोणत्या जातीचे किती आहेत. मग किनाऱ्यावरच्या कचेरीला कळवते की शिंपले काढा किंवा काढू नका.

ह्यात माझा एक नियम आहे. पाणी वर आल्यापासून एका मिनिटाच्या आत त्यात आयोडीनचं द्रावण पडलंच पाहिजे. पाण्याला चहाचा रंग येतो आणि त्यातले सगळे जीव जागच्या जागी मरून तसेच टिकून राहतात. मेलेला जीव मोजायला सोपा, तो पळत नाही. हा नियम मी स्वतः लिहून, सही करून, प्लॅस्टिकच्या आवरणात घालून भिंतीवर लावला आहे. एकदा एका खलाशाला ऐन वेळी शिंका आल्या आणि सत्तर सेकंद झाले, तर मी ती बाटली ओतून दिली आणि जहाज मागे वळवायला लावलं होतं. लोक मला घाबरतात आणि त्याचं मला वाईट वाटत नाही.

तर ह्या खेपेला पहिल्याच दिवशी माझ्या नवऱ्याने आठवड्याचा मसाला करायला दोन मुठी सुक्या मिरच्या भाजल्या आणि पंखा लावायला विसरला. जहाजभर ठसका. सगळ्यात जास्त आमच्या कप्तानाला. त्याचा आवाज असा की पाठीमागे सगळे त्याला भोंगा म्हणतात, आणि भोंगा खोकायला लागला की बाजूच्या होड्या रस्ता सोडतात. तो भटारखान्याच्या दारात येऊन पाच मिनिटं नुसता खोकला. मग म्हणाला, "पुन्हा नको." नवऱ्याने कान पकडले. इथपर्यंत चूक त्याचीच होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा खोकला सुरू झाला. भोंगा खोकतोय, खलाशी खोकतायत, पुढच्या टोकाला उभा राहणारा टेहळ्या तर कमरेत वाकून खोकतोय. मीसुद्धा खोकत होते, आणि सूक्ष्मदर्शकावर डोळा ठेवून खोकणं म्हणजे काय ते करून पाहिल्याशिवाय कळणार नाही. चारशे बारापर्यंत आले की ठसका, पुन्हा एकपासून. दोनदा असं झाल्यावर माझं डोकं फिरलं.

भोंग्याने नवऱ्याला बोलावलं. "मिरच्या?"

"साहेब, आज मी बटाटे उकडलेत. बटाट्याने कुणाला ठसका लागलेला ऐकलाय का तुम्ही?"

भोंग्याने ऐकला नव्हता, पण विश्वासही ठेवला नाही. मग त्याने मला बोळात गाठलं आणि आवाज जमेल तेवढा खाली आणून विचारलं, "मॅडम, हे घरीसुद्धा असंच करतात का हो?"

मी नुकतीच तिसऱ्यांदा मोजणी चुकून बाहेर आले होते. म्हटलं, "घरी तर सगळ्या खिडक्या उघडाव्या लागतात."

वाक्य खोटं नव्हतं. पण ते मी नवऱ्याला एका शब्दानेही न विचारता बोलले. संध्याकाळी भोंग्याचा लेखी हुकूम निघाला. त्यात म्हटलं होतं की पुढचं बंदर येताच आचाऱ्याला सामानासह उतरवावं आणि नवा आचारी घ्यावा, कारण समज देऊनही सुधारणा नाही आणि 'पत्नीच्या सांगण्यानुसार ही सवय जुनी आहे'. जहाजावर कप्तानाच्या सहीपुढे कुणाचं काही चालत नाही. बंदर चार दिवसांवर होतं. तिथे तो उतरला असता आणि आम्ही पुन्हा पहिल्यासारखे, महिन्यातले वीस दिवस मी इकडे आणि तो तिकडे.

हुकूम हातात घेऊन तो माझ्या दारात आला. आत आला नाही. रागावला की तो मला मॅडम म्हणतो, तुम्ही म्हणतो.

"मॅडम, कप्तानाने तुमचा नमुना घेतला वाटतं."

"मी फक्त विचारल्याचं उत्तर दिलं."

"मलाही विचारायचं होतं एकदा. अरे बाबा, आज मिरच्या भाजल्यास का? एवढंच. एक मिनिटही लागलं नसतं."

मी चुकले होते हे मला तेव्हाच कळलं होतं. म्हणून मी आणखी ताठ झाले. "मग सगळ्यांना खोकला येतो कुठून? वाऱ्यावर येतो?"

"ते शोधून काढणं आचाऱ्याचं काम नाही," असं म्हणून तो गेला.

इकडे माझी मोजणी चालूच होती. माझ्या तक्त्यात शेवटचा रकाना असतो, 'इतर, गोल'. जे ओळखू येत नाही आणि गोल दिसतं ते तिकडे टाकायचं. घरात जसा एक खण असतो, कुठे ठेवावं कळलं नाही की त्यात ढकलायचं. पहिल्या दिवशी ह्या रकान्यात अकरा होते. तिसऱ्या दिवशी एकशे चाळीस. चौथ्या दिवशी नऊशे. सगळे एकसारखे, फुगलेले, तपकिरी, ना शेंडा ना बुडखा. मी आयोडीनच्या नावाने बोटं मोडली. शेऱ्यात लिहिलं, 'द्रावण खराब असावं.' नवी बाटली फोडली, तरी तेच. मग नव्या बाटलीच्या नावानेही बोटं मोडली.

पाचव्या दिवशी नवऱ्याने चूल बंद केली. गॅसच्या नळाला कुलूप घातलं आणि किल्ली भोंग्याच्या टेबलावर नेऊन ठेवली. दिवसभर सगळ्यांना पाव, काकडी आणि आदल्या दिवशीची उकडलेली अंडी. भोंगा काकडी चावता चावता खोकला.

"आता?" नवऱ्याने विचारलं.

भोंगा विचारात पडला. कप्तान माणसाला विचारात पडलेलं परवडत नाही. तो म्हणाला, "वास भिंतीत मुरलाय."

मग दोन खलाशी लावून भटारखान्याच्या भिंती धुतल्या. मळकं पाणी बादल्या भरभरून बाहेर नेऊन ओतायला गेले की ते दोघं बाहेर खोकायचे आणि आत आले की थांबायचे. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. दारात उभी राहून पाहिलं आणि पुन्हा आत जाऊन 'इतर, गोल' मोजायला बसले. अठराशे भरले.

सहाव्या दिवशी दुपारी दारावर टकटक झाली. नवरा. त्याने माझ्यासमोर नळावर हात धुतले, कोपरापर्यंत, साबण लावून, आणि आत येऊन माझ्या टेबलावर एक कागद ठेवला. शिधायादीच्या मागच्या बाजूला पट्टीने रेघा मारून केलेला तक्ता होता. कोण, काय खाल्लं, उभा कुठे असतो, किती वेळा खोकला.

"मोजलेस?" मी विचारलं.

"मोजले. तुमचं मोजणीचं जुनं टिकटिक यंत्र पडलं होतं खालच्या खणात, ते घेतलं. परवापासून मोजतोय. खोकला भिंतीपलीकडूनही ऐकू येतो, त्याला सूक्ष्मदर्शक लागत नाही."

मी वाचायला लागले. इंजिनवाले मिस्त्री: जेवताना दोन कच्च्या मिरच्या, चूल बंद असतानाही. खोकला शून्य. तीन दिवस इंजिनाच्या खोलीतून वर आलेले नाहीत, ताट खाली जातं. टेहळ्या: पोट बिघडलंय, बिनमिठाचा बटाटा. पुढच्या टोकाला वाऱ्यात उभा. खोकला दोनशे बारा. कप्तान: खिडकी उघडी, एकशे साठ. मॅडम: खिडकी उघडी असताना ऐंशी, बंद असताना सतरा. आचारी: आत असताना चार, कचरा टाकायला बाहेर गेल्यावर एकतीस.

"मिरचीने खोकला येत असता," तो म्हणाला, "तर मिस्त्री आत्तापर्यंत वर पोचला असता."

मी कागद धरून बसले. माझ्या पाच दिवसांच्या कामापेक्षा हा तक्ता चांगला होता. जे विचारायला हवं ते सगळं ह्याने विचारलं होतं. खोकला बाहेर आहे. वाऱ्यात आहे. वाऱ्यात लाटांचे तुषार आहेत, आणि तुषारांत तेच पाणी आहे जे मी रोज वर काढते आणि ज्यात अठराशे कुणीतरी गोल, अनोळखी, मेलेले बसलेत.

मेलेले. माझ्या नियमाने, एका मिनिटाच्या आत मेलेले.

मी उठून बाहेर धावले. दोर बांधलेली बादली स्वतः खाली सोडली आणि वर ओढली. नेहमीचा खलाशी आयोडीनची बाटली घेऊन सवयीने पुढे आला.

"नको!" मी ओरडले.

तो बिचारा घाबरला. त्याला वाटलं मी त्याची परीक्षा घेतेय. "मॅडम, चाळीस सेकंद झाले!"

"होऊ देत."

"पन्नास झाले मॅडम! तुमचा नियम आहे!"

"नियम गेला खड्ड्यात!"

हे वाक्य माझ्या तोंडून ऐकून त्याच्या हातातली बाटली खाली पडली. मी तसाच जिवंत थेंब काचेवर घेतला, सूक्ष्मदर्शकाखाली सरकवला आणि पाहिलं.

ते पोहत होते. शेकडो. चपटे, कडेला जरा दुमडलेले, आणि झाडावरून गळणारं पान जसं हेलकावे खात, उलटत सुलटत खाली येतं, तसे. अशी पोहणारी एक जात आहे. तिचं पुस्तकातलं नाव जिभेची परीक्षा पाहतं, म्हणून आम्ही तिला नुसतं पानगळ म्हणतो. तिचं विष तुषारांबरोबर हवेत उडतं आणि घसा धरतं. अंगावर कवच नसल्यामुळे आयोडीन पडलं की ती फुगून गोल होते आणि ओळखीपलीकडे जाते. हे सगळं मी शिकले होते, परीक्षेत लिहून मार्कही मिळवले होते. पण आमच्या समुद्रात ती नसते असं पुस्तकात छापलेलं आणि आयोडीन आधी ओतायचं हे माझ्या भिंतीवर छापलेलं. पाच दिवस मी गुन्हेगाराचा चेहरा स्वतःच्या हाताने पुसत होते आणि नवऱ्याला फासावर चढवत होते.

"इकडे ये," मी म्हटलं. "बघ."

त्याने डोळा लावला. बराच वेळ बघत राहिला. "ह्या होय? ह्यांच्यापायी माझ्या भिंती धुतल्या?"

"ह्यांच्यापायी."

"काय संथ चाललंय ह्यांचं," तो म्हणाला आणि उठून चूल पेटवायची किल्ली मागायला गेला.

मी किनाऱ्यावर कळवलं. त्यांनी तीन वेळा 'नक्की?' विचारलं आणि मी तीन वेळा 'नक्की' सांगितलं. दुसऱ्या दिवशी पहाटे शिंपले काढायचे होते, ते थांबले. अहवालाला मी नवऱ्याचा तक्ता जोडला, मागच्या बाजूच्या शिधायादीसकट. भोंग्याने दोन्ही वाचलं, दोनदा खोकला, हुकूम फाडला आणि भटारखान्यात जाऊन भारदस्त आवाजात म्हणाला, "मिरची निर्दोष आहे. तुम्हीही. माझी चूक झाली." मग त्याने हात पुढे केला आणि नवऱ्याने पीठ लागलेल्या हाताने तो हातात घेतला.

आणि बंदर रद्द झालं. किनाऱ्यावरून निरोप आला की पानगळ कुठवर पसरलीय ते शोधत आणखी आठ दिवस समुद्रातच राहा. सगळे खिडक्या बंद करून, तोंडाला फडकी बांधून कामाला लागले. मी नवा नियम लिहून लावला, प्रत्येक ठिकाणी एक बाटली जिवंत ठेवायची. सगळं सुरळीत झालं. फक्त नवरा मला मॅडमच म्हणत राहिला.

आठ दिवस. माझं ताट खलाशाच्या हाती यायचं. जेवण नेहमीसारखं उत्तम, माझ्या आवडीचंच, पण बरोबर तो नाही. निजायला आला की "दिवा घालवू का, मॅडम?" एवढंच. मी मनाशी हिशेब मांडत होते. हुकूम फाटला. तक्ता जोडला. सूक्ष्मदर्शकातून सगळ्यांत आधी त्यालाच दाखवलं. आणखी काय हवं? चूक झाली तर अहवालात 'दुरुस्ती' म्हणून एक ओळ लिहायची असते, ती मी आयुष्यभर बिनदिक्कत लिहीत आलेय. पण ती ओळ समोरच्या माणसाकडे बघून बोलायची म्हटलं की माझा घसा पानगळीशिवायच धरतो. भोंगा बोलू शकला. मी नाही. आणि रोज रात्री कूस बदलताना मला भीती वाटायची की हा बंदरात उतरेल. आता कुणी उतरवायला नको, आपणहून उतरेल.

पंधराव्या दिवशी बंदर आलं. मी आठ दिवसांच्या बाटल्या खोक्यात भरत होते. खिडकीतून पाहिलं तर नवरा खांद्याला मोठी कापडी पिशवी अडकवून धक्क्यावर उतरत होता. मागे वळूनही बघत नव्हता.

हातातली बाटली ठेवली की टाकली ते आठवत नाही. मी अंगात पांढरा कोट आणि पायात रबरी चपला अशी धावत सुटले. धक्क्यावर हमाल होते, कचेरीचे लोक नमुने घ्यायला आले होते, वर कठड्याशी भोंगा उभा होता. मी नवऱ्याच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले आणि धापा टाकत मोठ्याने म्हणाले, "माझं चुकलं. तू खरं बोलत होतास आणि मी तुला विचारलंसुद्धा नाही. बाटलीतल्या मेलेल्या किड्यावर विश्वास ठेवला आणि तुझ्यावर नाही. जाऊ नकोस. मला तू नसलास तर करमत नाही."

एका हमालाने डोक्यावरचं खोकं खाली ठेवलं.

नवऱ्याचे कान लाल झाले होते. मग तो म्हणाला, "अगं, मी भाजी आणायला चाललोय."

वरून भोंग्याचं हसू आलं, आणि त्याला हळू हसताच येत नाही. हमाल हसले, कचेरीचे लोक हसले. माझं तोंड भाजल्यासारखं झालं. पण त्याने 'अगं' म्हटलं होतं. बारा दिवसांनी.

"मग मीही येते," मी म्हटलं आणि त्याच्या खांद्यावरची पिशवी ओढून घेतली.

पिशवी जड होती. बाजाराला निघालेल्या माणसाची पिशवी जड नसते. हाताला कपड्यांच्या घड्या लागल्या, बुटाची टाच लागली, आणि वरच्या कडेतून दाढीचा ब्रश बाहेर डोकावत होता. मी त्याच्याकडे पाहिलं. तो दूर कुठेतरी बोटींकडे बघत होता. आयुष्यात जे दिसेल ते मोठ्याने सांगायचा पगार मला मिळतो. त्या क्षणी मी ब्रश हळूच आत ढकलला आणि चालायला लागले.

बाजारात आम्ही कांदे घेतले, बटाटे घेतले, तीन कोबी घेतले. कांदे माझ्या कोटाच्या दोन्ही खिशांत गेले. कोबी त्याने काखेत धरले, एक पडला, पुन्हा धरला. आता बटाटे उरले. भाजीवाली आमची धडपड बघत होती. ती म्हणाली, "अहो, एवढी मोठी पिशवी आहे की तुमच्याजवळ, त्यात घाला."

आम्ही दोघंही एकदम म्हणालो, "राहू दे." आणि मी कोटाचा ओचा करून त्यात बटाटे घेतले.